आमची वाटचाल : एका व्याख्येने बदललेले काम

एका कंपनीच्या संगणकातून निघालेली खरेदीची ऑर्डर मध्ये कोणीही पुन्हा टाइप न करता दुसऱ्या कंपनीच्या संगणकात थेट नोंदली जावी, अशा प्रणाली उभारण्याचे काम आम्ही दोघा भागीदारांनी सुरू केले. सुरुवातीची वर्षे आमचे सारे लक्ष प्रोग्रामवर होते. करारपत्र ग्राहक पाठवत असे, त्यात ‘उभय पक्ष माहितीची इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण करतील’ एवढेच वाक्य असे, आणि आम्ही त्यावर सही करत असू.

एकदा जोडणी मध्येच तुटल्यामुळे पोच परत आली नाही, म्हणून खरेदीदाराच्या सर्व्हरने तीच ऑर्डर पुन्हा पाठवली, आणि पुरवठादाराच्या प्रणालीने ती नवी समजून दुप्पट माल रवाना केला. खरेदीदाराचे म्हणणे होते की आपण एकच ऑर्डर दिली. पुरवठादार दोन पोचा दाखवत होता. करारातल्या त्या एका वाक्यातून काहीच ठरत नव्हते, कारण ईमेलने पाठवलेले पत्रसुद्धा त्यात बसत होते. अखेर नुकसानीचा काही वाटा आम्हाला उचलावा लागला, आणि चूक आमचीही होती, कारण प्रश्न विचारण्याची जागा आम्हालाच माहीत असायला हवी होती.

त्यानंतर आम्ही संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाचा, म्हणजे अन्सिट्रालचा, १९९६ चा इलेक्ट्रॉनिक व्यापारविषयक आदर्श कायदा, म्हणजे देशांनी आपले कायदे करताना वापरायचा नमुना, बारकाईने वाचला. ठरलेल्या मानकानुसार रचना केलेल्या माहितीचे एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे होणारे इलेक्ट्रॉनिक हस्तांतरण, अशी ईडीआयची, म्हणजे ‘इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज’ची, व्याख्या तो करतो. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘संगणकाकडून संगणकाकडे’ म्हटल्यावर माणसाने वाचून नोंदवायचे पत्र बाजूला पडते. ‘ठरलेले मानक’ म्हटल्यावर मात्र ईडीफॅक्ट किंवा एक्स-१२ असे व्यापारी संदेशांच्या मानकाचे नुसते नाव लिहून भागत नाही. ईडीफॅक्टच्या संदेश-निर्देशिकेच्या डी.९६ए, डी.०१बी अशा अनेक आवृत्त्या आहेत, आणि एकाच आवृत्तीतही कित्येक रकाने ऐच्छिक असतात. म्हणून आवृत्ती आणि रकान्यांचा तक्ता आम्ही कराराच्या परिशिष्टात घालतो.

सर्वाधिक वेळ आम्ही ‘पोच’ या शब्दावर घालवला, आणि तो सार्थकी लागला असे मला वाटते. एएस-२ या इंटरनेटवरून संदेश पाठवण्याच्या पद्धतीत परत येणारी एमडीएन पावती संदेश पोहोचल्याचे सांगते. एक्स-१२ मधला ९९७ क्रमांकाचा संदेश मूळ संदेशाची रचना तपासल्याचे सांगतो. ऑर्डर स्वीकारली की नाही, हे मात्र ८५५ क्रमांकाचा वेगळा संदेश सांगतो; ईडीफॅक्टमध्ये ते काम ‘ऑर्डर्स्प’ करतो. आमच्या त्या वादात पुरवठादाराने पुढे केलेल्या दोन्ही पोचा पहिल्या प्रकारच्या होत्या, तरी सगळे त्यांना संमती समजून भांडत होते. आता आम्ही करारात या तिन्हींना निरनिराळी नावे देतो, आणि बंधनकारक संमती कोणत्या संदेशाने मिळते हे स्वतंत्र कलमात लिहितो.

दुबार संदेशाचे उत्तरही त्याच कायद्यात सापडले. मिळालेला प्रत्येक संदेश स्वतंत्र मानण्याचा अधिकार प्राप्तकर्त्याला आहे. पण तो दुबार असल्याचे त्याला माहीत असेल, किंवा वाजवी काळजी घेतल्यास अथवा ठरलेली पद्धत वापरल्यास कळले असते, तर तो अधिकार उरत नाही. ‘ठरलेली पद्धत’ म्हणजे काय, हे आम्ही करारात उघड लिहून टाकले: पाठवणाऱ्याची ओळख आणि दस्तऐवज क्रमांक दोन्ही जुळले, तर दुसरा संदेश थांबवायचा आणि तसे पाठवणाऱ्याला कळवायचे.

कामाचा क्रमही आम्ही उलटा केला. आता आधी व्याख्या आणि परिशिष्ट, मग प्रोग्राम. यात वेळ जातो म्हणून काही ग्राहक दुसरीकडे गेले. राहिलेल्यांचे वकील आणि संगणक विभाग मात्र बहुधा प्रथमच एका टेबलाशी बसले. हल्ली बरीच देवाणघेवाण एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी थेट बोलण्यासाठी दिलेल्या जोडणीतून, होते, आणि तिथे ठरलेले मानक म्हणजे बहुतेक वेळा एकाच पक्षाने लिहिलेले, त्यालाच हवे तेव्हा बदलता येणारे तपशीलपत्र असते. असा बदल किती दिवस आधी कळवायचा आणि तोवर जुनी आवृत्ती कोणी चालू ठेवायची, या कलमाचा मसुदा सध्या आमच्या टेबलावर आहे.