सारखे गुण, दोन मुले
आजचा संपूर्ण दिवस आठवीच्या मुलांच्या मुलाखतींत गेला. बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली मांडलेली, मुलांच्या भावना आणि वागण्यातील बलस्थाने व अडचणी जोखणारी 'स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज' प्रश्नावली या मुलांनी आधीच भरली होती. तिच्यात २५ विधाने पाच गटांत विभागलेली असून प्रत्येक गटाला ० ते १० गुण मिळतात. सोबत्यांशी जमवून घेण्यातील अडचणींच्या गटात ज्यांचे गुण जास्त आले, त्यांच्याशी मी बोलत होते.

त्यांपैकी दोघांचे गुण अगदी सारखे होते. एकाचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यामुळे दरवर्षी हंगामात त्याची शाळा सुटते आणि तो परत येईपर्यंत वर्गातल्या जोड्या जमून गेलेल्या असतात. दुसरा रोज शाळेत येतो, पण त्याला सतत चिडवले जाते, म्हणून तो मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या आसपासच राहतो. केवळ आकडा पाहिला असता, तर दोघांनाही सामाजिक कौशल्यांच्या एकाच प्रशिक्षणाला बसवले गेले असते.

मात्र प्रश्नावली नसती तर पहिला मुलगा माझ्यापर्यंत पोहोचलाच नसता, असे मला मनापासून वाटते. समुपदेशनासाठी सुचवली जाणारी नावे बहुधा दंगा करणाऱ्यांची असतात आणि हा तर गप्प बसणारा.

आधी मापन आणि मग मुलाखत हा क्रम संशोधनात रुळलेला आहे. खरी कसोटी लागते ती दोन्ही एकत्र आणताना. आता प्रत्येकाच्या गुणांसमोर त्याचेच शब्द ठेवून तक्ता करायला घेतला आहे, आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत त्या ओळी मी प्रथम वाचणार आहे.