पायात कडं घातलेला पाहुणा

नागपुरात कबुतराचं अप्रूप कोणालाच नाही. कूलरच्या मागे, एसीच्या डब्यावर, जिन्यातल्या कोनाड्यात त्यांचे संसार थाटलेले असतात आणि आपण जाळ्या लावून थकलेले असतो. तरी एखादं कबूतर वेगळं दिसतं. छाती भरदार, पिसं तुकतुकीत, चोचीच्या मुळाशी ठळक पांढरा उंचवटा आणि पायात कडं. माणूस जवळ गेला तरी उडत नाही. शेजारी विचारतात, "काहून बसलं बाप्पा हे इथंच?" बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: थकलं आहे. हे शर्यतीचं होमर कबूतर, म्हणजे लांब नेऊन सोडलं तरी आपल्या घरी परतणारं, आणि आता घरी निघालेलं.

चेन्नई, बंगळूर आणि कोलकाता ही या शौकाची मोठी शहरं. नकाशावर पट्टी ठेवा, तिन्ही नागपूरपासून साधारण ९०० ते ९७० किलोमीटरवर येतात. देशाचा मध्य इथेच, हा झिरो माइलच्या दगडाचा दावा कोणी मानो न मानो, वाट चुकलेल्या पाखरासाठी आपण बरोबर मधोमध आहोत. ताशी ६०-७० किलोमीटरने उडणाऱ्या पक्ष्याचं एवढं अंतर एका दिवसात सहसा संपत नाही, आणि अंधारात तो उडायचं टाळतो. त्यात समोरून वारा, ढगांनी झाकलेला सूर्य, मागे लागलेला ससाणा. मग तो उतरतो, तुमच्याच अंगणात.

आधी पाणी द्या, दाणे नंतर. भांडं किमान दीड-दोन इंच खोल हवं. कबूतर चिमणीसारखं घोट घेऊन मान वर करत नाही. चोच बुडवून, नळीने सरबत ओढावं तसं पाणी ओढतं. उथळ बशी ठेवली तर बिचारं तहानलेलंच राहतं. चोच उघडून पाणी ओतायचा उत्साह मात्र आवरा, ते श्वासनळीत जातं. दाणे कच्चे आणि कोरडे: ज्वारी, बाजरी, मका, मूग, मसूर, कच्चे तांदूळही चालतात. दिवसाला ३०-३५ ग्रॅम, म्हणजे एक मूठ, पुरे. पाव, दूध, भिजवलेले पोहे नकोत; आणि तर्री-पोह्यांवरचा शेव-चिवडा तर मुळीच नको, त्यातलं मीठ-तिखट पाखराला सोसत नाही.

मांजर फिरत असेल तर संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर धरा. पाय दोन बोटांच्या मधे आणि अंगठा पंखांवर, छाती न दाबता. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून खाली वर्तमानपत्र अंथरलं की रात्रीची सोय झाली. घरच्या कोंबड्या किंवा लव्हबर्ड्सजवळ ठेवू नका. पाण्याच्या भांड्यातून रोग इकडून तिकडे जातात. जानेवारीत पंख आणि पाय नीट बघा. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो झाडाझाडांवर लटकतोच. मांजा गुंतला असेल तर ओढू नका, बारीक कात्रीने कापा. जखम खोल असेल तर सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आता ते कडं. पिल्लू आठवड्याभराचं असताना चढवलेलं हे अखंड कडं पुढे निघत नाही. कापलं तर पक्ष्याची ओळखच पुसली जाते. त्यावर देशाची किंवा संघटनेची अक्षरं, जन्मवर्ष आणि क्रमांक असतो. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. दुसऱ्या पायात प्लास्टिकचं कडं असेल तर ती शर्यतीत वेळ नोंदवणारी चिप. कधी पंखाच्या आतल्या बाजूला मालकाच्या फोन नंबरचा शिक्का सापडतो. नसेल तर अक्षरांवरून क्लब शोधा. ग्रुपवर फोटो टाकताना शेवटचे आकडे झाका, नाहीतर चांगल्या जातीच्या पाखराला एका दुपारीत चार मालक मिळतात. खरा मालक ते आकडे स्वतः सांगेल.

परदेशी अक्षरं दिसली म्हणून पोलिसांकडे धावू नका. मे २०२३ मध्ये मुंबईत पकडलेलं असं एक कबूतर हेरगिरीच्या संशयावरून आठ महिने परळच्या पशुरुग्णालयात अडकलं होतं. निघालं तैवानचं शर्यतीचं. परदेशी जातीची कबुतरं आपल्याकडचे शौकीनही विकत घेतात.

एक-दोन दिवसांत पक्षी तरतरीत होतो. तेव्हा मन घट्ट करा. स्वच्छ सकाळी, ऊन वर आल्यावर, पाणी पाजून पण पोट न भरता मोकळ्या गच्चीवर सोडा. भरल्या पोटी तो समोरच्या टाकीवर जाऊन बसतो. तिथून खाली बघत राहिला तरी मूठ पुढे करू नका. पाणी ठेवा, दाणे बंद. लाडच केले तर तो परत येतो, आणि मग मालक फोनवर म्हणतो, "राहू द्या तुमच्याकडेच." शर्यत हरलेल्या पक्ष्यासाठी पार्सलचा खर्च करायला सगळेच तयार नसतात, त्यामुळे हे उत्तर फार वेळा ऐकू येतं. ते ऐकायची तयारी असेल तर ढाबळ बांधायला घ्या. नसेल तर तो गेल्यावर खोक्यातले कागद जाळू नका, गुंडाळून कचऱ्यात टाका. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका; आधी पाणी शिंपडा, तोंडावर रुमाल बांधा आणि नंतर साबणाने हात धुवा.