आमची वाटचाल : भट्टी, थर्मामीटर आणि नऊ माळा

नवरात्राची तिसरी माळ होती. सकाळी दारात एक मुलगी उभी, हातात रुमालाची पुरचुंडी. "बेन, मोती तूटी गया," एवढंच म्हणाली. पुरचुंडीत आमच्याच पॉलिमर क्लेच्या हाराचे मणी होते, भोकापाशी बरोबर दोन तुकडे झालेले. संध्याकाळपर्यंत आणखी चार हार आले आणि दसऱ्यापर्यंत १६. विकले होते ४० हार, आणि गरब्यासाठी आमचं ते पहिलंच वर्ष. सगळ्यांचे पैसे परत केले. जाऊबाई आणि मी मिळून हा उद्योग सुरू केला होता, आणि त्या रात्री आम्हा दोघींनाही वाटलं, झालं, इथेच संपलं.

आमची सुरुवात अगदी साधी होती. बडोद्यात, रावपुऱ्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून मी रंगीत क्लेची चार पाकिटं आणली. मुलांची माती समजून त्याचे मणी वळले आणि वाळायला खिडकीत ठेवले. आठवडा झाला तरी मऊच. आम्ही तेव्हा दांडिया बाजारात राहायचो, बाबा दोन गल्ल्या सोडून. त्यांनी पाकीट उलटं करून चष्मा लावून वाचलं आणि हसायलाच लागले. "अगं, ही माती नाहीच. हे पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिक आहे. वर्षभर ठेवलंस तरी वाळणार नाही, भाजावं लागेल." बाबांची सगळी नोकरी आयपीसीएलमध्ये, म्हणजे इथल्या प्लास्टिकच्या कच्च्या मालाच्या कारखान्यात गेली. ज्या पदार्थाची पोती त्यांनी उभ्या जन्मात मोजली, तोच पदार्थ लेकीच्या खिडकीत मणी होऊन बसलेला.

म्हणून मणी फुटले तेव्हा मी ते घेऊन त्यांच्याकडेच गेले. त्यांनी तुकडा नखाने खरवडला आणि विचारलं, "ओव्हनमध्ये तापमान किती होतं?" मी म्हटलं, "१३० अंश." "कुणी सांगितलं?" ओव्हनच्या बटणाने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः थर्मामीटर घेऊन आले आणि आमच्या छोट्या ओव्हनच्या जाळीवर ठेवला. बटण १३० वर, आत १०५. त्यात जळेल या भीतीने मी पंधरा मिनिटांत ट्रे बाहेर काढत होते.

त्यांनी मला जे समजावलं ते आजही नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगते. पॉलिमर क्लेत पीव्हीसीचे बारीक बारीक कण असतात, आणि ते प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात बसलेले असतात. पुरेशी उष्णता मिळाली की कण तो द्रव पिऊन फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. उष्णता कमी पडली तर ते नुसते शेजारी शेजारी राहतात. वरून हात लावला तर मणी कडक लागतो, पण कच्च्या भाकरीसारखा आतून जमलेलाच नसतो. वरून तो ओळखू येत नाही. गरब्यात तीन तास हार उडाला की मग कळतं.

आता आमच्या प्रत्येक ओव्हनमध्ये दोन थर्मामीटर असतात. तळाशी जाड टाइल ठेवतो, म्हणजे कॉइल चालू-बंद झाली तरी आतली उष्णता खालीवर होत नाही. तापमान पाकिटावर असेल तेच. ते कंपनीप्रमाणे बदलतं, कुणाचं ११०, कुणाचं १३०. वेळेचा हिशोब जाडीवर : सहा मिलिमीटरला अर्धा तास, आणि आमच्या मोठ्या मण्यांना पुरा तास. वेळ जास्त झाली तर बिघडत नाही, तापमान जास्त झालं तर बिघडतं. पांढरा मणी आधी पिवळट पडतो, म्हणून वर फॉइलचं झाकण. १७५ च्या पुढे गेलं की क्ले करपते आणि घसा धरणारा आम्लाचा धूर निघतो. असं झालं तर ओव्हन बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर जाऊन थांबायचं. या ओव्हनमध्ये खाण्याचं काही भाजत नाही, आणि क्ले लाटायचं पास्ता मशीनही स्वयंपाकघरात परत जात नाही.

भाजण्याइतकीच मला मळणी आवडते. नवी क्ले कणकेसारखी तिंबावी लागते, नाहीतर वळताना चिरा पडतात. मग मशीनमधून लाटायची, घडी घालायची, पुन्हा लाटायची. घडीची बाजू आधी आत घालायची, नाहीतर हवेचे बुडबुडे राहतात. नक्षीचे मणी करायला आम्ही केन बांधतो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना मी भाकरवडीचं उदाहरण देते, बडोद्यात ती घरोघरी असते. गुंडाळी आख्खी असते तेव्हा काही दिसत नाही, कापली की प्रत्येक चकतीवर तेच चक्र. केनचं तसंच : रंगांच्या पट्ट्या, त्रिकोण, दोऱ्या रचून जाड ठोकळा करायचा, मग मधून दाबत दाबत तो लांब आणि बारीक करायचा. नक्षी आत लहान होत जाते, पण विस्कटत नाही. ही युक्ती मुळात काचकामातली. इटलीत मुरानोचे कारागीर काचेच्या कांड्यांनी हेच करतात, त्याला मिल्लेफिओरी म्हणतात, म्हणजे हजार फुलं. आमची हजार फुलं बांधणीच्या ठिपक्यांची, आणि जाऊबाईंनी बसवलेल्या पैठणीच्या नारळी काठाची. तो काठ सहा वेळा फसला. पांढऱ्या-सोनेरी त्रिकोणांची टोकं दाबताना बोथट व्हायची. शेवटी त्यांनी ठोकळा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दोन्ही रंगांची क्ले सारखी घट्ट केली आणि मग दाबला. ती पहिली चकती त्यांनी देवघरात ठेवलीय.

केनची दोन्ही टोकं वेडीवाकडी निघतात, पण ती फेकत नाही. त्यांचा गोळा करून मण्याच्या पोटात घालतो आणि वर नक्षीच्या पातळ चकत्या चिकटवतो. सगळ्यात मोठ्या मण्यांच्या पोटात फॉइलची घट्ट गोळी असते, म्हणजे वजन उतरतं. भोक दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडतो, सुई फिरवत. एका दमात आरपार घातली तर पलीकडे ओठ फुटतो, आणि फुटायची सुरुवात तिथूनच होते. भाजून झाल्यावर पाण्यात बुडवून वॉटर पेपरने घासतो, खरखरीत ते बारीक : ४००, ६००, १०००. मग जुन्या जीन्सच्या तुकड्याने चमक. सुरुवातीला चमक यावी म्हणून नेलपॉलिशचा हात दिला होता. महिन्याभरात मणी चिकट होऊन दोऱ्याला धरले. ते रसायन क्लेला मऊ करतं.

बडोद्याचा उन्हाळा हा आमचा दुसरा गुरू. मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात पडून राहिलेली पाकिटं एकदा अर्धवट भाजूनच हातात आली, मळली तर चुरा. आता वर्षभराचा माल थंडीत मागवतो. उन्हाळ्यात सकाळी सहा ते दहा एवढंच काम. क्ले फारच सैल झाली तर साध्या कागदांत दाबून ठेवतो, कागद जास्तीचं तेल ओढून घेतो.

गरब्याला आमचे हार का चालले, तर चणियाचोळीवर ऑक्सिडाइज्ड दागिने शोभतात खरे, पण नऊ रात्री मान दुखते. आमचा मणी काचेपेक्षाही हलका, आणि घामाने काळा पडत नाही. मंगळ बाजारातल्या एका व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर देऊ केली, पण अट घातली की पाटीवर "मातीचे दागिने, पर्यावरणपूरक" असं लिहायचं. आम्ही नाही म्हटलं. हे प्लास्टिक आहे. सुंदर आहे, टिकतं, मोठ्या कंपन्यांनी त्यातले थॅलेट नावाचे अपायकारक प्लास्टिसायझरही काढून टाकलेत, पण माती नाही. ज्या कुंभाराची पणती खरोखर मातीची असते, त्याचं नाव आपण कसं घ्यायचं? ऑर्डर गेली. जाऊबाईंना त्याचं वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण आमच्या पुड्यांवर आजही "पॉलिमर क्ले, प्लास्टिकचा प्रकार" असंच छापलेलं आहे.

२०२० मध्ये गरबाच झाला नाही. जून-जुलैत केलेला माल तसाच पडून राहिला. पुढच्या वर्षी फक्त शेऱ्यांमधला, म्हणजे गल्लीगल्लीतला गरबा झाला आणि विक्री निम्म्यावर आली. ते दीड वर्ष आम्ही हळदीकुंकवाच्या वाणावर काढलं : फ्रिजवर लावायचे मोदक, तुळशीवृंदावनं, चाव्यांना लावायच्या कैऱ्या. खपेल की नाही कळत नव्हतं, पण इथल्या मराठी बायकांनी एकमेकींना सांगत सांगत संक्रांतीपर्यंत सगळं संपवलं. शेजारच्या काकू तेव्हा मदतीला आल्या त्या अजून आहेत. आता आम्ही सहाजणी आहोत, दोन ओव्हन आहेत, आणि घराच्या मागच्या खोलीऐवजी कारेलीबागेत भाड्याची जागा आहे.

बाबांनी घालून दिलेली एक सवय मात्र त्या खोलीतून इथे आली. प्रत्येक ट्रेत मण्यांबरोबर त्याच क्लेची एक पातळ पट्टी भाजायची. गार झाली की दोन्ही टोकं जुळेपर्यंत वाकवायची. वाकली तर मणी ओवायला घ्यायचे, मोडली तर सगळा ट्रे पुन्हा ओव्हनमध्ये. पट्टीवर तारीख लिहून ती डब्यात टाकायची. बाबा महिन्यातून एकदा येतात, चहा घेतात, डब्यातली एखादी पट्टी काढून स्वतः वाकवून बघतात. परवा या नवरात्राचा पहिला ट्रे निघाला, लाल बांधणीचा. पट्टी काकूंनी वाकवली आणि सुईत दोरा ओवायला घेतला.