बाळ दुप्पट झालं, दूध तेवढंच

‘बाळ तीन किलोचं होतं, आता साडेसहाचं झालंय. दूध मात्र तेवढंच येतं. पुरत असेल का हो? आणि दिसतं किती पातळ!’ चौथ्या-पाचव्या महिन्यात हा प्रश्न हमखास येतो. विचारते आई, पण शब्द बरेचदा घरातल्या नाही तर शेजारच्या कुणाचे तरी असतात.

म्हणून आधी हिशेबच मांडू. महिन्याचं बाळ ४ किलोचं धरा आणि त्याचं दिवसाचं दूध ७०० मिली. सहाव्या महिन्यात ते ७ किलोचं होतं आणि दूध असतं ७५० ते ८०० मिली. म्हणजे किलोमागे १७५ मिलीवरून आपण ११० च्या आसपास येतो. (आकडे सरासरीचे आहेत. एखादं बाळ ५०० मिलीवर छान वाढतं, एखाद्याला लिटरही लागतं.) तरी ते पुरतं, कारण वाढीचा वेग उतरलेला असतो. पहिले तीन महिने बाळ रोज २५ ते ३० ग्रॅम वजन घेतं, सहाव्या महिन्याकडे १० ते १५ ग्रॅम. पहिल्या महिन्यात पोटात गेलेल्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा नुसतं अंग धरण्यात खर्च होतो. वर्षाचं होईतो हा वाटा ३ टक्क्यांवर येतो. तेव्हा दुधाचं माप वाढत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. बदल होतो तो दुधाच्या आत.

सुरुवात चिकापासून. गायीचा चीक शेजाऱ्यांकडून मागून आणून आपण खरवस करतो, आणि आईचा चीक ‘साचलेलं, जड दूध’ म्हणून पिळून टाकणारी घरं अजून आहेत. खरवस साय-साखरेमुळे थिजत नाही, तो थिजतो चिकातल्या भरपूर प्रथिनांमुळे. त्यातला मोठा भाग रोगप्रतिकारक प्रथिनांचा असतो. आईच्या पिवळट, चिकट चिकाचंही तेच. १०० मिलीत २ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि त्यांतली प्रतिपिंडं बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखी बसतात. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर, २ ते १० मिली, एवढाच चीक येतो. बाळाला तेव्हा तेवढाच पुरतो. तिसऱ्या दिवशी एका वेळेचं माप १५ ते ३० मिलीवर आणि चौथ्या दिवशी ३० ते ६० वर जातं. वार पडली की आईच्या शरीरातलं प्रोजेस्टेरॉन (गरोदरपणात दूध रोखून धरणारं संप्रेरक) झपाट्याने उतरतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध उतरतं. सिझेरियननंतर याला थोडा उशीर होतो. वारेचा तुकडा आत राहिला असेल तर दूध उतरणं अडू शकतं, म्हणून चौथा दिवस उलटूनही छाती भरली नाही तर डॉक्टरांना सांगा.

नंतर दूध पातळ होत जातं, आणि ते तसंच व्हायला हवं. महिन्याभरात प्रथिनं १०० मिलीमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास येतात, सहाव्या महिन्यात १ ग्रॅमच्या जवळ. गायीच्या दुधात ती ३.२ ग्रॅम असतात, कारण वासराला दीड-दोन महिन्यांत वजन दुप्पट करायचं असतं. आपलं बाळ त्याला चार-पाच महिने घेतं. आईच्या दुधात साखर मात्र भरपूर असते, १०० मिलीत ७ ग्रॅम. शिवाय काही साखरा अशा की ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठी. त्यांचं प्रमाणही चिकात सर्वांत जास्त असतं, पुढे उतरतं.

आता एकाच पाजण्याच्या वेळेत काय होतं ते पाहा. वाटीत काढलेलं सुरुवातीचं दूध निळसर, पाण्यासारखं दिसतं. त्याच छातीचं शेवटचं दूध पिवळसर पांढरं, दुप्पट-तिप्पट स्निग्ध. स्निग्धाचे कण दुधाच्या पिशव्यांच्या आतल्या भिंतींना चिकटून राहतात आणि पिशवी रिकामी होत जाईल तसे सुटून खाली येतात. ‘पुढचं’ आणि ‘मागचं’ अशी दोन वेगळी दुधं नसतात, उतार सलग असतो. दोन वेळांतलं अंतर मोठं असेल तर सुरुवातच पातळ होते. अर्ध्या तासात बाळ पुन्हा लागलं तर पहिल्याच घोटाला साय मिळते.

म्हणून घड्याळ लावून ‘दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे’ करू नका. ज्या आईला दूध खूप येतं तिच्या बाळाला अशाने दोन्हीकडचं पातळ दूधच मिळतं. मग गॅस, फेसाळ हिरवी शी आणि सारखी भूक. एक बाजू बाळ आपणहून सोडेपर्यंत पाजा, ढेकर काढा, मग दुसरी द्या. नको असेल तर राहू दे. पुढच्या वेळी त्या दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.

दूध किती बनवायचं हे ठरतं किती रिकामं झालं यावर, आणि प्रत्येक बाजूचा हिशेब स्वतंत्र असतो. भरलेल्या छातीत साचलेलं दूधच पेशींना ‘थांबा’ म्हणतं. घरोघरी गाडी घसरते ती नेमकी इथे. साधारण तिसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यात दोन-तीन दिवस असे येतात की बाळ संध्याकाळी पाच ते दहा जवळपास छातीलाच असतं. आईला वाटतं दूध आटलं. त्याच सुमाराला छाती पूर्वीसारखी दगडासारखी भरणंही थांबतं (मागणी-पुरवठा जमल्याची ती खूण), त्यामुळे संशय पक्का होतो. मग कुणीतरी ९० मिली वरचं दूध बाटलीने देतं, बाळ तीन तास झोपतं, सगळे ‘बघा, उपाशीच होतं’ म्हणतात. त्या तीन तासांत छाती भरलेली राहते आणि पुढचं उत्पादन कमी होतं. आठ-दहा दिवस असंच चाललं की दूध खरोखरच कमी होतं. त्या दोन-तीन दिवसांत फक्त मागेल तेव्हा पाजायचं असतं. रात्रीचं पाजणंही तोडायचं नाही, कारण दूध बनवायला लावणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्री चढं असतं. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू खुशाल खा, बाळंतिणीला पोषण हवंच असतं. पण रिकाम्या न होणाऱ्या छातीला लाडवाने पान्हा फुटत नाही.

खरंच कमी पडतंय का, हे पंपात किती आलं यावरून ठरवू नका. बाळाइतकं पंपाला ओढता येत नाही. सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी लंगोट फिक्कट लघवीने ओले हवेत. सुरुवातीला उतरलेलं वजन (७ टक्क्यांपर्यंत सहसा चालतं, १० च्या वर गेलं तर लगेच दाखवा) दोन आठवड्यांत भरून यायला हवं. नंतरचे तीन महिने, त्याच काट्यावर, कपडे काढून केलेलं वजन आठवड्याला १५० ग्रॅमच्या आत वाढत असेल तर मात्र पाजण्याची पद्धत जाणत्या माणसाकडून समोर बसून तपासून घ्या.

आजारपणात काय होतं? सर्दी आईला झाली तरी पाजणं थांबवू नका. तिच्या आतड्याने आणि श्वासमार्गाने ओळखलेल्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं दुधात उतरतात, संसर्गात दुधातल्या पांढऱ्या पेशीही वाढतात. ‘बाळाची लाळ स्तनात जाऊन संदेश देते’ असं हल्ली मोबाइलवर फिरतं. ती कल्पना आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

दूध वेळेप्रमाणे बदलतं याचा सर्वांत मोठा फायदा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला होतो. लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिले काही आठवडे प्रथिनं आणि सोडियम जास्त असतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. पण पेढीत दूध देणाऱ्या बहुतेक आयांची बाळं पूर्ण दिवसांची असतात. ते दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलंही असतं. त्यामुळे स्वतःच्या आईचं दूध मिळालं तर पहिला मान त्याचाच.

काही बाबतीत मात्र दूध बाळाच्या गरजेमागे धावत नाही, आणि हे न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. ड जीवनसत्त्व अगदीच कमी असतं, म्हणून पहिल्या दिवसांपासून रोज ४०० युनिटचे थेंब. लोह लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही नसतं. पोटातून आणलेला साठा सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतो. उष्टावणानंतर वरणाचं पाणी पाजत बसू नका. चमच्यावरून ओघळणार नाही असं घट्ट वरण-भात, नाचणी, चालत असेल तर अंडं, मासे द्या. आशाताई देतात ते लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा १ मिली, तेही. आणि बी-१२ आईच्या अंगातच नसेल तर दुधात येणार कुठून? पूर्ण शाकाहारी आईने गरोदरपणीच ते तपासून घ्यावं. याच्या कमतरतेने बाळ मलूल होतं, शिकलेलं विसरतं, हातपाय थरथरतात.

वर्षानंतर ‘आता त्यात काही सत्त्व नाही’ म्हणणाऱ्यांना सांगा, दुसऱ्या वर्षी दिवसाला साडेचारशे मिली दूध प्यायलेल्या बाळाची अ जीवनसत्त्वाची पाऊण गरज त्यातून भागते. लांबलेल्या दुधात स्निग्धही वाढलेलं आढळतं. पाजणं हळूहळू कमी केलं की उरलेल्या दुधातली साखर उतरते, सोडियम आणि प्रतिपिंडं वाढतात, चव खारटते. काही मुलं तेव्हा एकदा चाखून तोंड फिरवतात आणि पुन्हा मागत नाहीत. पण तान्ह्या बाळाने एकच बाजू अशी अचानक नाकारली, तर तिथे गाठ, लाली, ठणका आहे का ते आधी पाहा. सुजलेल्या बाजूचं दूधही असंच खारट लागतं.