मूळ कागद पाहिल्याशिवाय गेट नाही : आमची वाटचाल

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या फौंड्र्यांना, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यांना, माणसं पुरवायचं काम आम्ही 2003 साली सुरू केलं. मोल्डिंग (वाळूचे साचे करणं), कोअर शॉप, फेटलिंग (ओतलेला माल ग्राइंडरने घासून साफ करणं), पुढे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची हमाली. पहिल्या दिवसापासून एकच नियम आहे. आमच्या माणसाने मूळ कागद हातात घेऊन पाहिल्याशिवाय कामगार गेटच्या आत जात नाही. मुकादमाने शब्द दिला तरी नाही, आणि येणारा मुकादमाचा सख्खा भाऊ असला तरी नाही. या नियमापायी काय सोसलं, ते एकदा लिहून ठेवायचं होतं.

नियम तात्यांचा. तात्या माझे पहिले भागीदार, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून निवृत्त झालेले कारकून. भांडवल निम्मं-निम्मं होतं, पण नजर सगळी त्यांची. तेव्हा आधार नव्हतं. देशातलं पहिलं आधार 2010 साली नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. आमच्यापुढे यायचं ते रेशन कार्ड, मतदान ओळखपत्र, पोलीस पाटलाचा दाखला, आणि वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला. तात्या तो भिंगाखाली धरत. जनरल रजिस्टर नंबर आहे का, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी जुळते का, दोन्हींची शाई एकच आहे का. शंका आली की थेट मुख्याध्यापकांना फोन. जत-आटपाडीकडची 16-17 वर्षांची पोरं थोरल्या भावाचा दाखला घेऊन येत. फौंड्रीत वितळलेलं लोखंड ओतायचं असतं, तिथे 18 च्या आतला मुलगा उभा करायचा नाही म्हणजे नाही. तात्या त्यांना चहा पाजत आणि सांगत, "18 पूर्ण झाली की ये, जागा ठेवतो." आणि ठेवत. त्यातले काही आज आमच्याकडे मुकादम आहेत.

मधली वर्षं बरी गेली.

2016 च्या सुमारास एक नवी एजन्सी आली. आमच्यापेक्षा कमी दर. मालकाचा पीएफ तेव्हा खर्चासकट पगाराच्या 13 टक्क्यांच्या वर जायचा, ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) 4.75 टक्के. हे भरून कोणालाच तो दर परवडणार नाही, हे या धंद्यातल्या कोणालाही कळतं. त्यांची शेडमध्ये उभी असलेली माणसं आणि पीएफ भरल्याच्या चलनातली नावं जुळत नव्हती. अपघात झाला की मग ईएसआयसीत नाव टाकायचं, ही त्यांची पद्धत. कंपन्यांच्या परचेसवाल्यांना फक्त दर दिसत होता. कंत्राटदाराने पीएफ बुडवला तर तो मूळ मालकाच्या गळ्यात पडतो, हे मी कितीदा सांगितलं. ऐकून घेत आणि ऑर्डर तिकडे देत.

मग ऑगस्ट 2019. कृष्णेचं पाणी मारुती चौकातल्या आमच्या ऑफिसात शिरलं आणि कपाटातल्या कामगारांच्या फायलींचा लगदा झाला. सांगली अजून चिखल उपसत होती, तेवढ्यात त्या एजन्सीची मंडळी कंपन्यांत पोचली. "यांच्या माणसांचे कागदच नाहीत. त्यात बंगाली पोरं आहेत, बांगलादेशी असतील." आमची ती पोरं पश्चिम बंगालमधल्या माल्द्याची. दोन कंपन्यांनी आमची माणसं गेटवर अडवली आणि झालेल्या कामाचं बिलही थांबवलं. पगाराची तारीख तोंडावर, पतसंस्थेचा हप्ता थकलेला. फर्म तेव्हा बुडालीच होती.

वाचवलं ते अण्णांनी. अण्णा म्हणजे आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक, स्वतः मोल्डर म्हणून सुरुवात करून फौंड्री उभी केलेला माणूस. म्हणाले, "कागद पाण्यात गेले, माणसं तर माझ्या शेडमध्ये उभी आहेत. इथंच बसा आणि परत करा." टाइम ऑफिसात टेबल दिलं, प्रिंटर दिला, त्या महिन्याचं बिल आगाऊ दिलं. प्रत्येकाला नव्याने समोर बसवलं. आधारवरचा क्यूआर स्कॅन करून फोटो आणि नाव जुळवलं, मतदान ओळखपत्र पाहिलं, पोलिसांकडे पडताळणीचे अर्ज टाकले. माल्द्याच्या पोराला जे मागितलं तेच जतच्या पोराला मागितलं, यात मी तसूभर फरक केला नाही. परदेशी माणसाला कामाचा व्हिसा लागतो. माल्द्याच्या भारतीयाला सांगलीत राबायला कसलाही परवाना लागत नाही, तो हक्क त्याला घटनेने दिलाय. बोली ऐकून कागद मागणारे मला आजही डोळ्यांसमोर नकोत.

या कामात सगळ्यांत जास्त त्रास अंगठ्याच्या मशीनने दिला. फेटलिंगवाल्याचे हात बघा, ग्राइंडरने आणि वाळूने बोटांवरच्या रेषा झिजून जातात. मशीन लाल दिवा दाखवतं आणि माणूस चोर ठरल्यासारखा उभा राहतो. हात धुऊन, कोरडे करून, दहाही बोटं लावून बघायची. नाहीच जमलं तर डोळ्याच्या स्कॅनरवर. 2025 पासून नव्या यूएएनसाठी (कामगाराच्या पीएफच्या कायमच्या नंबरासाठी) सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवायचा आहे. फेटलिंगवाल्यांची त्यातून सुटका झाली, हे बरं झालं.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो. मूळ कागद बघा आणि त्याच क्षणी परत द्या. दाखला अडकवून माणूस बांधून ठेवणं ही सावकारी आहे. आधी कुठे काम केलंय ते विचारा आणि जुना यूएएन काढा, नाहीतर एका माणसाचे दोन नंबर होऊन त्याचाच पीएफ अडकतो. आधार ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, आणि जन्मतारखेसाठी पीएफ ऑफिसही 2024 पासून ते धरत नाही. म्हणून शाळेचा दाखला मागाच. ईएसआयसीत नाव रुजू झाल्या दिवशी टाका.

1 सप्टेंबर 2021 पासून आधार न जोडलेल्या यूएएनचं चलन भरता येईना. आमची यादी तयार होती. त्या एजन्सीची नावं गळायला लागली तशी कंपन्यांना आमची आठवण झाली. तात्या ते बघायला राहिले नव्हते. ती मंडळी आता दुसऱ्या नावाने फर्म चालवतात. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. आम्ही मराठीत आणि हिंदीत दिली. ते देतात का, हे कंपन्यांनी स्वतः जाऊन बघावं.

2019 ला बिल थांबवलेल्या दोनपैकी एका कंपनीने ते आजवर पूर्ण दिलेलं नाही. मागे त्यांचा फोन आला, दिवाळीच्या ऑर्डरला फेटलिंगची माणसं हवीत म्हणून. जुनं बिल आधी खात्यात येऊ दे, मग माणसं पाठवतो, असं मी त्यांना लेखी कळवलं आहे.