तेविसावी खेळी

जानेवारी २०१३ मधील त्या संध्याकाळी मी बुद्धिबळाच्या वर्गात हत्ती आणि प्याद्यांचा अंतिम टप्पा शिकवणार होतो. नेदरलँड्समधील वाइक आन झी येथे लेव्हॉन आरोनियन आणि विश्वनाथन आनंद यांचा डाव चालू होता, आणि काळी मोहरी घेतलेल्या आनंदने सेमी-स्लाव या डावाच्या सुरुवातीतील मेरान हा धारदार प्रकार निवडला आहे हे दिसताच मी ठरलेला धडा बाजूला ठेवून भिंतीवरच्या पटावर त्यांच्या चाली लावू लागलो.

तेराव्या खेळीत आरोनियनच्या घोड्याने एच७ (एच स्तंभातील सातवे घर) वरचे प्यादे मारून हत्तीवर मारा केला. आनंदने हत्ती हलवलाच नाही. त्याने घोडा जी४ वर नेला, मग उंट सी५ वर प्याद्याच्या तोंडी दिला आणि सोळाव्या खेळीत दुसरा घोडा ई५ वर ठेवला. काळ्याची चार मोहरी एकाच वेळी माराखाली होती. पांढऱ्याच्या एफ स्तंभातील प्याद्याने ई५ वरचा घोडा मारला तर काय, असे मी विचारले, तेव्हा काळा वजीर डी४ वर शह देऊन पुढे जी१ वर बळी जातो आणि घोडा एफ२ वरून कोंडलेल्या राजाला मात करतो, हे मुलांनी थोड्या खटपटीनंतर स्वतःच शोधले. १९०७ साली आजच्या पोलंडमधील लॉड्झ येथे रुबिन्स्टाइनने रोतलेवीविरुद्ध अशाच दोन उंटांच्या जोरावर काळी मोहरी घेऊन जिंकलेला डाव मी त्यांना तेव्हा सांगितला.

मुलांना बळी आवडतात. मला मात्र आजही एकोणिसावी खेळी सर्वांत थोर वाटते. आरोनियनने एफ८ वरचा हत्ती मारला होता, पण मारणारा घोडा परत न मारता आनंदने शांतपणे एफ५ असे प्यादे सरकवले, ज्यामुळे जी४ वरच्या घोड्याला आधार मिळाला आणि पांढऱ्या वजिराची एच७ कडची वाट बंद झाली. ही कल्पना २०१२ च्या गेलफंडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याच्या तयारीतून आली होती.

तेविसाव्या खेळीत आनंदचा उंट ई३ वर आला आणि आरोनियनने डाव सोडला. वर्गात कोणी बोलेना. मग सर्वांत लहान मुलगी पटापाशी आली आणि म्हणाली, "सर, जी२ चे प्यादे बी७ च्या उंटामुळे बांधलेले आहे, हलू शकत नाही, आणि पांढऱ्या वजिराची एच३ कडची वाट या उंटाने अडवली आहे." मी तिला काळा वजीर एच३ वर ठेवायला सांगितला.