कोंबड्या आणि बदकं एकाच परसात: आधी पाण्याची जागा ठरवा

बेळगाव-खानापूरकडं परसात पाच-दहा जवारी कोंबड्या असणं नवं नाही. त्यांच्या जोडीला चार बदकं आणली की मात्र पहिल्याच पावसाळ्यात घोळ होतो. बदकं दिवसभर पाण्यात चोच घालतात, तेच पाणी खुराड्यात सांडतात, खालचं तूस भिजतं आणि त्या ओलीत कोंबडीची पिल्लं एकेक करून मान टाकतात. दोष बदकांचा नाही, मांडणीचा आहे. दिवसा दोघं एका परसात खुशाल फिरू देत, पण रात्रीची जागा वेगळी आणि पिण्याचं पाणीही वेगळं. एवढं पाळलं तर बाकीची कामं सोपी आहेत.

दहा मोठ्या कोंबड्यांना 5 बाय 4 फुटांचा खुराडा पुरतो. तो जमिनीपासून दोन फूट उंच, खांबांवर घ्या. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस पश्चिमेकडून तिरका झोडपतो, म्हणून पश्चिमेची बाजू पूर्ण बंद, दार पूर्वेला आणि पत्रा भिंतीच्या बाहेर निदान अडीच फूट आलेला हवा. अथणी-रायबागकडं उलटं: तिथं पावसापेक्षा उन्हाचा त्रास, त्यामुळं दोन बाजूंना जाळी आणि पत्र्यावर कडब्याचा थर. जाळी अर्ध्या इंची, वेल्डिंगची घ्या. षटकोनी भोकांची हलकी जाळी कोंबडी आत ठेवते, पण मुंगसाला आणि रानमांजराला बाहेर ठेवत नाही. बसायला दांडी हवी, प्रत्येकीला आठ इंच जागा धरून.

बदकं दांडीवर बसत नाहीत. त्यांना जमिनीलगत, थोडा उतार दिलेला कोबा आणि वर जाड तूस किंवा भाताचा पेंढा लागतो. जागा एका बदकाला चार चौरस फूट. त्यांची धाव सांभाळा: बदकाचे पाय नाजूक, घाईनं पाठलाग करून पकडलं की लंगडतं. पकडायचं तर मानेखालून आणि पंखांवरून, पायाला धरून कधीच नाही.

आता पाण्याचं. बदकाला खाताना शेजारी पाणी लागतंच, कोरडं खाद्य त्याच्या घशात अडकतं. शिवाय नाकपुड्या धुता येतील एवढं खोल पाणी हवं, म्हणजे चार-पाच इंच. नाहीतर नाकाडोळ्यांत घाण साचते आणि डोळे चिकटतात. तळं नसलं तरी चालतं. तीन फूट लांब-रुंद, फूटभर खोल खड्डा करा, खडीनं भरा, वर लाकडी पट्ट्या टाका आणि त्यावर घमेलं ठेवा. सांडलेलं पाणी खडीतून खाली जातं. खड्ड्याचा उतार केळीकडं किंवा अळूकडं काढला तर ते पाणी वाया जात नाही. कोंबड्यांचं पाणी उंच खुराड्यातच, त्यांच्या पाठीच्या उंचीला टांगलेलं, म्हणजे बदकांची चोच तिथवर पोचत नाही.

खुराड्यातलं तूस तीन-चार इंच ठेवा आणि रोज एक मूठ हातात घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर ते लगेच सुटं झालं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे: त्या दिवशीच वरखाली करा, ओला भाग काढून टाका, आणि शंभर चौरस फुटांना अर्धा ते एक किलो या हिशेबानं विझवलेला चुना मिसळा. खुराड्यात वाकल्यावर डोळे चुरचुरले तर तिथं अमोनिया साठला आहे. माणसाला लगेच बाहेर येता येतं, कोंबडीला रात्रभर त्यातच राहावं लागतं.

या ओलीला एवढं महत्त्व का, तर रक्ती हगवणीमुळं. तिचे जंतू विष्ठेतून पडतात, पण ओल आणि ऊब मिळाली तरच एक-दोन दिवसांत ते लागण करण्याजोगे होतात. कोरड्या तुसात ते तयार होत नाहीत. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं सापडतात: पंख ढिले सोडून एका कोपऱ्यात, तुरा फिका, शीट तांबूस. अँप्रोलियम पाण्यातून तीन ते पाच दिवस, पाकिटावरच्या मात्रेनं. त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. हे औषध जंतूला बी-1 मिळू न देऊनच मारतं, वरून तेच जीवनसत्त्व दिलं की औषध फुकट.

पिल्लं दसऱ्यानंतर आणावीत असं माझं ठाम मत आहे. पाऊस सरलेला असतो आणि पुढच्या जूनपर्यंत तलंगा (तरण्या कोंबड्या) मोठ्या होऊन अंड्यावर आलेल्या असतात. अंडी-मांस दोन्हींसाठी बेंगळुरूच्या हेब्बाळ पशुवैद्यकीय महाविद्यालयाची गिरिराजा आणि स्वर्णधारा इकडं मानवतात. गिरिराजा वजनाला भारी, स्वर्णधारा अंड्याला सरस. दोन्ही संकर आहेत, त्यामुळं त्यांचीच अंडी उबवून तसाच वाण पुढं मिळेल ही अपेक्षा नको. बदकांत अंड्यासाठी खाकी कॅम्पबेल. पिल्लं कुठं मिळतील याची चौकशी बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्प किंवा गोकाकजवळच्या तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात करता येते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लामागं दोन-तीन वॅटचा साधा दिवा, म्हणजे पंचवीस पिल्लांना साठ वॅटचा एक. मोजण्यापेक्षा पिल्लांकडं बघा: दिव्याखाली ढीग केला तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडी ठेवली तर गरम, सगळीकडं पसरून टिपत असतील तर बरोबर. वीज गेली म्हणून बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवू नका, धुरानं सगळी एका रात्रीत जातात. जाड पुठ्ठ्याची पेटी आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून, हे बरं.

बदकाच्या पिल्लांची दोन वेगळी दुखणी आहेत. एक, त्यांना नायसिन हे बी गटातलं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. नुसत्या चिक स्टार्टरवर (कोंबडीच्या पिल्लांच्या तयार खाद्यावर) काही पिल्लांचे पाय वाकतात आणि ती गुडघ्यावर बसायला लागतात. किलोभर खाद्याला 40-50 ग्रॅम सुकं ब्रुअर्स यीस्ट मिसळलं की हे टळतं. दुसरं, बुरशीचं विष. अफ्लाटॉक्सिन सर्वांत आधी बदकाच्या पिल्लाला मारतं, तेच खाद्य कोंबडी वरवर पचवताना दिसते. आपल्याकडं शेंगदाण्याची पेंड आणि मका घरातच असतो, आणि जुलैच्या दमट हवेत दोन्हीला बुरशी धरते. पावसाळ्यात शेंगदाण्याची पेंड बदकांना बंदच करा, सोयापेंड वापरा. पोतं भिंतीला टेकवून किंवा थेट जमिनीवर ठेवू नका. कुबट वास आलेला मका उन्हात वाळवला तरी विष जात नाही, तो टाकावाच लागतो.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी दहा किलो घरचं मिश्रण: भरडलेला मका 5 किलो, सोयापेंड 2, भाताचा कोंडा 2, चुनखडीचे बारीक दाणे 800 ग्रॅम, खनिज मिश्रण 170 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. बांधून ठेवलेल्या कोंबडीला दिवसाला 110-120 ग्रॅम, फिरतीला निम्म्यावर भागतं. पिल्लांना हे देऊ नका, एवढ्या चुन्यानं त्यांचे मूत्रपिंड बिघडतात.

मानमोडीला (राणीखेत रोगाला) औषध नाही, फक्त लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीच्या लासोटा लशीचा थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा, सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीच्याच आर टू बी लशीचं इंजेक्शन. अडचण अशी की लशीची बाटली शंभर किंवा जास्त मात्रांची, आणि आपल्या कोंबड्या दहा. फोडलेली बाटली दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवा, गुरांच्या दवाखान्यात आधी सांगून ठेवा आणि लस बर्फाच्या थर्मासमधूनच आणा. आर टू बीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या. बाजारातून किंवा यात्रेसाठी आणलेला कोंबडा पंधरा दिवस डालग्याखाली वेगळा ठेवा, मानमोडी बहुतेक वेळा त्याच्याबरोबरच घरात येते. बदकांना डक प्लेगची लस वेगळी असते, तीही विचारून घ्या.

मान गेली म्हणजे मानमोडीच असं मात्र नाही. मानमोडीत मान पिळवटते, वर किंवा मागं वळते, पक्षी गोल फिरतो, शीट हिरवी. बदकाची मान लुळी होऊन जमिनीवर पडली असेल तर बहुधा सडक्या मेलेल्या प्राण्यावरच्या अळ्या खाण्यात आल्यात, हे बोटुलिझम. परसात आणि साचलेल्या डबक्याभोवती शोधा, मेलेला उंदीर सापडेल. तो पुरा, डबकं उपसा आणि बाकीच्या बदकांना तिथून हलवा. एकदम बरेच पक्षी मेले तर कापायला घेऊ नका, दवाखान्यात कळवा.

बदकी सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही. जवारी खुडूक कोंबडीखाली बदकाची सात-आठ अंडी बसतात आणि 28 दिवस लागतात. कोंबडीच्या अंड्यांना 21. दोन्ही एकत्र घालू नका, पिल्लं निघताच कोंबडी उरलेली सोडून उठते. आठव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव धरला आहे, आरपार स्वच्छ दिसलं तर काढा. अशी पिल्लं तीन-चार आठवडे खोल पाण्यात सोडू नका. आई बदकीचा तेलकटपणा अंगाला लागलेला नसतो, ती भिजून गारठतात.

नर बदक ओळखायला आवाज ऐका. मादी मोठ्यानं क्वॅक करते, नराचा आवाज घोगरा, बसल्यासारखा, आणि पुढं त्याच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळतात. पाच-सहा माद्यांमागं एकच नर. जास्त झाले तर ते कोंबड्यांवरही चढतात आणि कोंबडीला इजा होते.

बदकी पहाटे अंडी घालतात, त्यामुळं नऊनंतरच बाहेर सोडा, नाहीतर अंडी ओढ्यात किंवा भातात. खानापूरकडं लावणीनंतर तीन आठवड्यांनी, रोपांनी मूळ धरलं की, बदकं भातात सोडता येतात. गोगलगायी, किडे आणि तण खातात. लोंब्या बाहेर पडायला लागल्या की काढायची. शेजारच्या वाफ्यात फवारणी झाली असेल तर पाणी बांधावरून इकडं येतं, त्या आठवड्यात घरीच ठेवा.